आडात नाही तर पोहऱ्यात कोठून?



हरियाणातील सिरसा, पंजाबातील मुक्तसर आणि फाजिल्का हा कापसाचा मुलूख. तेथे जमिनीतले खारे पाणी वर आले आणि कित्येकांची राने कापसाला निकामी झाली. खारे पाणी काय करते, हे पूर्णेच्या खारपाणपट्ट्याला वेगळे सांगायला नको. अशा रानात काही शेतकऱ्यांनी तळी खोदून कोळंबी धरली. तिचे बियाणे, म्हणजे बारीक पिल्ले, दूर आंध्र-तामिळनाडूच्या किनाऱ्यावरील हॅचरीतून येते. पीक बदलले, प्रश्न तोच राहिला: हे बियाणे कोणाच्या पोटचे?

अंड्यातून निघालेले कोळंबीचे पिल्लू पहिले दीड-दोन दिवस काही खात नाही. आईने अंड्यात बांधून दिलेल्या शिदोरीवर ते जगते. आणि आई तरी देणार कोठून? माशांच्या तेलात असणारी काही स्निग्धाम्ले कोळंबीला अंगात पुरेशी तयार करता येत नाहीत. कोलेस्टेरॉल तर मुळीच नाही. ते खाण्यातूनच यावे लागते. तळ्यातल्या कोळंबीच्या खाद्यात आपल्या सोयाबीनची पेंड चालते. आईचे तेवढ्यावर भागत नाही. तिला माकूळ, शिंपल्यांचे मांस आणि खाडीच्या चिखलातले गांडुळासारखे किडे लागतात.

मादीने लवकर अंडी धरावीत म्हणून हॅचरीत तिच्या एका डोळ्याचा देठ कापण्याची रीत आहे. अंडी रोखणारे संप्रेरक त्या देठात असते. मग ती थोड्या थोड्या दिवसांनी पुन्हा पुन्हा अंडी घालते, एका वेळी लाखाच्या घरात. त्यात खुराक तुटला, तर अंडी कमी उबतात आणि पिल्ले सुरवातीलाच गळतात. गाभण म्हशीचा खुराक तोडून दुधाची आशा कोणता शहाणा धरतो?

दुसरी मेख अशी. वनामेई जातीच्या रोगमुक्त जनक कोळंब्या परदेशातून आणण्याची परवानगी 2009 साली मिळाली. चेन्नईला त्या वेगळ्या ठेवून तपासल्या जातात. पण पुढे हॅचरीत त्यांना चिखलातून उपसलेले जिवंत किडे न तपासता चारले, तर त्याच घासातून पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आत येऊ शकतो. मग परदेशी दिलेले पैसे आणि चेन्नईची तपासणी, दोन्ही पाण्यात.

चांगला, निर्धोक खुराक महाग पडतो, हे मान्य. शेतकरी त्याचा भाव द्यायला मागेपुढे पाहणार नाही. पण भाव कशाचा दिला, हे त्याला कळले पाहिजे. जनक कोळंबी कोठून आणली, तिची किती वेळा अंडी घेतली, तिला काय चारले, ते तपासले होते का, एवढे चार शब्द बियाण्याच्या पावतीवर लिहून मिळाले पाहिजेत.

कपाशीची पिशवी असो की कोळंबीची, बियाणे फसले तर हंगाम शेतकऱ्याचा जातो, विकणाऱ्याचा नाही. म्हणून आईच्या ताटात काय पडले, हे विचारण्याचा पहिला हक्क शेतकऱ्याचा.