जुना संगणक : भंगार की भांडवल?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने 'विंडोज १०' या प्रणालीचा सर्वसाधारण पाठिंबा थांबवला. त्या दिवशी कोणाच्याही घरचा संगणक बंद पडला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीप्रमाणे सुरू झाला, पत्रे टंकलिखित झाली, विजेचे देयक भरले गेले, परदेशातल्या नातवंडांची छायाचित्रे पाहून झाली. बदल झाला तो डोळ्यांना न दिसणारा. प्रणालीत सापडणारी छिद्रे बुजवण्यासाठी दर महिन्याला जी डागडुजी आपोआप येत असे, ती यायची थांबली. घराचे दार, कुलूप, कडी सारे जागच्या जागी आहे. पण रात्री गस्त घालणारा पहारेकरी सांगून-सवरून निघून गेला आहे. चोराला मात्र ही वार्ता घरमालकाच्या आधी कळलेली असते.

हा प्रसंग पहिल्यांदाच आलेला नाही. २००१ मध्ये आलेल्या 'विंडोज एक्सपी'चा पाठिंबा ८ एप्रिल २०१४ रोजी संपला आणि 'विंडोज ७'चा १४ जानेवारी २०२० रोजी. परंतु त्या वेळी बहुतेकांना पुढच्या आवृत्तीवर जाण्याची वाट मोकळी होती. या खेपेस तीही अरुंद झाली. 'विंडोज १०' ही शेवटचीच आवृत्ती असेल, असे २०१५ मध्ये कंपनीच्या एका प्रतिनिधीने जाहीर व्यासपीठावरून म्हटले होते. सहा वर्षांतच 'विंडोज ११' आली आणि तिने अटी घातल्या. संगणकात 'टीपीएम २.०' ही सुरक्षा-व्यवस्था हवी आणि मुख्य प्रक्रियक ठरावीक पिढीनंतरचा हवा. इंटेलच्या बाबतीत ही रेषा, काही अपवाद वगळता, २०१७ मध्ये बाजारात आलेल्या आठव्या पिढीवर ओढली गेली. म्हणजे त्याच वर्षी सातव्या पिढीचा प्रक्रियक असलेले यंत्र ज्याने घेतले, त्याचे यंत्र धडधाकट असूनही अधिकृतपणे अपात्र ठरले. व्यक्तिगत वापरकर्त्यांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव सुरक्षा मुदत जाहीर झाली. तिच्या एका मार्गात शुल्क, तर दुसऱ्यात कंपनीच्या खात्याशी संगणक जोडण्याची अट. मुदतवाढीने विचार करायला वेळ मिळतो, प्रश्न सुटत नाही.

मोठ्या कंपन्यांना आणि बँकांना या बदलाची झळ फारशी लागत नाही. त्यांच्याकडे स्वतंत्र विभाग असतो, अंदाजपत्रक असते. झळ लागते ती मध्यमवर्गीय घराला, गावातल्या ग्रंथालयाला, अनुदानावर चालणाऱ्या शाळेला, छोट्या पतसंस्थेला आणि देणगीदाराने दिलेल्या दोन संगणकांवर काम करणाऱ्या सेवा प्रकल्पाला. तिथे संगणक ही दर तीन वर्षांनी बदलण्याची वस्तू नसते. शिवणयंत्राप्रमाणे किंवा सायकलीप्रमाणे ती टिकवायची असते. ज्या समाजात जुन्या साडीची गोधडी होते, त्या समाजाला ही वृत्ती शिकवावी लागत नाही. अडचण अशी, की गोधडीला कोणी दूरवरून 'मुदत संपली' असे सांगत नाही.

जुना संगणक सांभाळताना रोज ज्या कटकटी होतात, त्या वरवर क्षुल्लक वाटतात. सुरू व्हायला पाच मिनिटे, एक पान उघडायला आणखी दोन. छपाईयंत्र नव्या प्रणालीला ओळखत नाही. झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह लावून आणावा, तर त्यातून विषाणू घरी येतो. न्याहाळक अद्ययावत होत नाही. 'विंडोज ७'वर नवा क्रोम २०२३च्या प्रारंभापासून मिळेनासा झाला. कधी कधी तर बँकेचे संकेतस्थळ उघडतच नाही आणि पडद्यावर 'हे ठिकाण सुरक्षित नाही' असा इशारा येतो. आजोबा धास्तावतात, बँकेला दूरध्वनी करतात. कारण सापडते ते मुख्य पटलावरच्या नाण्याएवढ्या बटणसेलमध्ये. तो संपला की संगणकाचे घड्याळ अनेक वर्षे मागे जाते, आणि संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राची तारीख त्याच्याशी जुळत नाही. अल्प किमतीचा सेल बदलला की काम भागते. पण हे सांगणारा जवळ कोणी नसेल, तर 'हा आता गेला, नवाच घ्या' हा सल्ला तयारच असतो.

मराठी संस्थांच्या वाट्याला आणखी एक अडचण आलेली आहे, तिची चर्चा फार कमी होते. नव्वदच्या दशकापासून युनिकोड रुळेपर्यंतच्या काळात मराठी टंकलेखन वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्वतंत्र टंकांत झाले. प्रत्येकाची आतली मांडणी वेगळी. स्मरणिका, इतिवृत्ते, सभासद-याद्या, ग्रंथसूची, दिवाळी अंक असा कितीतरी ऐवज त्या धारिकांत आहे. नव्या संगणकावर त्या उघडल्या, तर मराठीऐवजी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची अर्थहीन भाऊगर्दी दिसते. काही ठिकाणी तो टंक एका 'हार्डवेअर लॉक'शिवाय चालत नाही. हे लॉक ज्या जुन्या पद्धतीच्या पोर्टमध्ये बसते, ते पोर्ट नव्या यंत्राला नसते. म्हणून अनेक कार्यालयांत एक जुनाट संगणक केवळ या धारिकांसाठी जिवंत ठेवलेला असतो. तो ज्या दिवशी कायमचा मिटेल, त्या दिवशी संस्थेच्या वीस वर्षांच्या स्मृतीवर पडदा पडेल. या धारिकांचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने उपलब्ध आहेत. रूपांतरानंतर एकदा मुद्रितशोधन करावे लागते, हे खरे. पण कंटाळवाणे असले तरी ते अशक्य नाही. यंत्र चालू आहे तोवरच हे काम होऊ शकते.

आता मुख्य मुद्दा सुरक्षिततेचा. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' या खंडणीखोर विषाणूने सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांना ग्रासले. धारिका कुलूपबंद करून तो किल्लीसाठी पैसे मागत असे. ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्य सेवेत रुग्णांच्या हजारो नियोजित भेटी रद्द झाल्या. आपल्याकडे आंध्र प्रदेशातील पोलिसांच्या काही संगणकांनाही त्याची बाधा झाली. त्या वेळी सारा दोष 'एक्सपी'च्या माथी मारला गेला. पुढे तपासात दिसले ते वेगळेच. बाधित यंत्रांपैकी बहुसंख्य 'विंडोज ७'ची होती आणि त्या प्रणालीला तेव्हा पूर्ण पाठिंबा होता. ज्या छिद्रातून विषाणू शिरला, ते बुजवणारी दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजीच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी, प्रसृत झाली होती. ती बसवून घेण्याचे कष्ट लाखो जणांनी घेतले नव्हते.

त्यानंतर दीडच महिन्याने, २७ जूनला, 'नॉटपेट्या' आला. युक्रेनमध्ये उद्भवलेल्या या हल्ल्याने मर्स्क या जहाज कंपनीचे जाळे ठप्प केले आणि त्याचा फटका थेट न्हावाशेवा बंदरातील त्या समूहाच्या टर्मिनलपर्यंत पोहोचला. त्याने तेच छिद्र वापरले, शिवाय एका यंत्रात सापडलेले परवलीचे शब्द वापरून तो शेजारच्या अद्ययावत यंत्रांतही शिरला. एकाच्या हलगर्जीपणाची किंमत दुसऱ्याने मोजावी, हा सार्वजनिक आरोग्याचा नियम संगणकालाही लागू पडतो. ज्याने लस घेतली नाही तो केवळ स्वतः आजारी पडत नाही, इतरांनाही पाडतो.

या दोन घटनांतून एक विवेक शिकता येतो. यंत्राचे वय आणि यंत्राची असुरक्षितता या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. बारा वर्षांचा संगणक योग्य प्रणालीवर आणि नियमित दुरुस्त्यांसह निर्धोक राहू शकतो. गेल्या वर्षी घेतलेला संगणक दुर्लक्षामुळे घातक ठरू शकतो.

येथे मध्यमवर्गाने स्वतःकडेही पाहिले पाहिजे. भाजी घेताना चार आणे जास्त आले तर परत करणारी माणसे संगणकावर चोरीची प्रत बसवून घेताना अडखळत नाहीत. 'सगळेच तसे करतात' हे समर्थन ठरलेले. नैतिक प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला, तरी व्यवहारातही हा सौदा आतबट्ट्याचा आहे. कुलूप तोडून बसवलेल्या प्रतीत कुलूप तोडणाऱ्याने आणखी काय पेरले आहे, हे कोणी सांगू शकत नाही. आणि बिंग फुटू नये म्हणून अद्ययावतीकरण बहुधा बंदच ठेवले जाते. ज्या संगणकावरून निवृत्तिवेतनाचे खाते पाहायचे, मुलीच्या लग्नासाठी साठवलेल्या ठेवींचे व्यवहार करायचे, त्याचा पायाच असा असावा, हे शहाणपणाचे नव्हे. संस्थांनी तर याबाबत एक दिवसही चालढकल करू नये.

मग करावे काय? पहिले काम, नवे यंत्र घेण्याचे नव्हे, तर जुन्यातील ऐवजाची प्रत काढण्याचे. महत्त्वाच्या धारिकांच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतील एक प्रत वास्तूबाहेर, हा जगभर मान्य झालेला साधा दंडक आहे. प्रत काढल्यावर ती उघडते की नाही, हेही पाहावे. बाह्य डिस्क काम झाल्यावर काढून ठेवावी. ती जोडलेलीच राहिली, तर खंडणीखोर विषाणू तिलाही कुलूप लावतो. दुसरे काम यंत्राच्या प्रकृतीचे. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली आणि रॅम चारवरून आठ जीबी केली, तर अनेक जुन्या संगणकांचा वेग लक्षणीय वाढतो. पंख्यातली धूळ काढणे तर विनामूल्य आहे. तिसरे काम प्रणालीचे. ज्यांना नवी विंडोज मिळत नाही, त्यांनी लिनक्सचा विचार जरूर करावा. ही प्रणाली कायदेशीररीत्या विनामूल्य मिळते, तिच्या हलक्या आवृत्त्या जुन्या यंत्रांवर चालतात आणि पेनड्राइव्हवरून ती आधी तपासूनही पाहता येते. केरळच्या सरकारी शाळांतील संगणक शिक्षण याच पायावर उभे आहे. आपल्या सी-डॅकने 'बॉस' ही भारतीय प्रणाली २००७ मध्येच लोकांसमोर ठेवली. संरक्षण मंत्रालयानेही 'माया' ही लिनक्सवर आधारलेली प्रणाली आपल्या संगणकांसाठी स्वीकारल्याचे वृत्त २०२३ मध्ये आले.

अर्थात लिनक्स म्हणजे रामबाण नव्हे. काही लेखा-प्रणाली तिच्यावर चालत नाहीत, काही छपाईयंत्रे रुसतात. फार जुन्या ३२-बिट यंत्रांना तर तिथेही दारे मिटू लागली आहेत. 'डेबियन'ने ऑगस्ट २०२५ मधील आवृत्तीपासून त्यांच्यासाठी स्थापनेची सोय थांबवली. अशा यंत्राचे महाजालाशी असलेले नाते तोडावे. लेखन, संस्कृत श्लोकांच्या ध्वनिफिती, मुलांचा टंकलेखनाचा सराव, जुन्या धारिकांचे वाचन, एवढ्यासाठी ते अजून वर्षानुवर्षे उपयोगी पडेल. एक मर्यादा मात्र कोणत्याही सबबीने ओलांडू नये : ज्या प्रणालीचा पाठिंबा संपला आहे, तिच्यावरून बँकेचा व्यवहार करायचा नाही. आर्थिक फसवणूक झालीच, तर लाज न बाळगता तत्काळ १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर कळवायचे, हेही घरातील प्रत्येकाला ठाऊक असावे.

दुरुस्तीचे ज्ञान ही हलकी गोष्ट नाही. पुण्याचे कैलास काटकर गणकयंत्रे दुरुस्त करीत असत. नव्वदच्या दशकात त्यांनी संगणक दुरुस्तीचा छोटा व्यवसाय सुरू केला. ग्राहकांचे विषाणूग्रस्त संगणक त्यांच्याकडे येऊ लागले, तेव्हा धाकटे बंधू संजय यांनी त्यावर उतारा लिहिला. त्यातूनच 'क्विक हील' उभी राहिली. हातात पेचकस घेतलेल्या माणसाकडे तुच्छतेने पाहणाऱ्या समाजाने हा इतिहास लक्षात ठेवावा.

शासनाचीही जबाबदारी आहे. ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा अधिकार' या विषयावर समिती नेमली. तिच्यासमोर शेती अवजारे, भ्रमणध्वनी, घरगुती उपकरणे आणि वाहने हे विषय होते. या अधिकारात संगणकाच्या प्रणालीचाही स्पष्ट विचार व्हायला हवा. यंत्र विकतानाच त्याला किती वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या मिळतील, हे वेष्टनावर छापण्याचे बंधन घालता येईल. औषधाच्या पट्टीवर मुदत छापली जाते, मग हजारो रुपयांच्या यंत्रावर का नाही? १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी उत्पादकांवर पुनर्चक्रणाची जबाबदारी टाकली आहे. ती आवश्यकच आहे. पण चालते यंत्र कचरा होऊच न देणे हा त्याहून मोठा उपाय. मुरादाबादला रामगंगेच्या काठी तांब्यासाठी संगणकाची पटले जाळली गेली आणि ते विष माणसांच्या श्वासात व नदीच्या पाण्यात उतरले. आपल्या घरून गेलेले भंगार कोठे जाते, हे विचारणे आपले कर्तव्य आहे. संगणक अधिकृत पुनर्चक्रकाकडेच द्यावा, आणि देण्याआधी त्यातील माहिती विशेष आज्ञावलीने समूळ पुसावी. केवळ धारिका 'डिलीट' केल्याने त्या जात नाहीत.

यातील बरेचसे काम शासनाची वाट न पाहता होण्यासारखे आहे. प्रत्येक वस्तीत संगणक जाणणारे चार-दोन तरुण असतात. महिन्यातील एका रविवारी त्यांनी ग्रंथालयात किंवा शाळेच्या वर्गात बसावे आणि लोकांनी आपली यंत्रे तेथे आणावीत. प्रत काढणे, धूळ झटकणे, सेल बदलणे, प्रणाली अद्ययावत करणे, टंक बदलणे एवढे जरी झाले, तरी कितीतरी घरांची पुंजी आणि कितीतरी संस्थांची स्मृती वाचेल. ज्येष्ठांना यंत्रापेक्षाही आधार हवा असतो तो 'घाबरू नका, मी पाहतो' असे म्हणणाऱ्या माणसाचा. तो आधार देणारी माणसे उभी करणे समाजाच्याच हाती आहे.