मांडुळाचा भाव छापू नका

मांडूळ विकायला निघालेले लोक दिसतात, मांडुळाचे दलाल दिसतात, पण ज्या गिऱ्हाइकाच्या नावाने हा सगळा धंदा चालतो ते कोणाच्या दृष्टीस पडत नाही. शहादा, तळोदा, नंदुरबार या तापीकाठच्या पट्ट्यात भुसभुशीत जमिनीत राहणारा हा साप नांगरट करताना किंवा पाइपलाइनचा चर खणताना वर येतो. बिनविषारी, सुस्त, उंदरांवर जगणारा, म्हणजे शेतकऱ्याच्या फायद्याचा. शेपूट तोंडासारखी बोथट असते आणि डिवचल्यावर तो तीच वर उचलून धरतो, म्हणून त्याला दुतोंड्या म्हणतात. एवढ्या भांडवलावर दलालाने केवढा इमला रचला आहे! याच्यामुळे गुप्तधन सापडते, असाध्य रोगावरचे औषध बनते, अमुक वजनाच्या वर गेला की किंमत लाखांतून कोटीत जाते. ‘पार्टी’ तयार असते. कधी सुरतेची, कधी इंदूरची, फारच रंग चढला तर थेट दुबईची. एक दलाल दुसऱ्याकडून टोकन घेतो, दुसरा तिसऱ्याकडून, आणि साप पोत्यात गुदमरत फिरत राहतो. अखेर ‘पार्टी’ म्हणून जो समोर येतो तो पोलिसांनी किंवा वनखात्याने पाठवलेला बनावट ग्राहक असतो.

दुसऱ्या दिवशी बातमी येते : अमुक कोटींचे मांडूळ जप्त. हा भाव ठरवला कोणी? आरोपीने! ज्याच्यावर गुन्हा दाखल झाला त्याचीच थाप सरकारी प्रेसनोटचा शिक्का घेऊन आपल्या घरात येते, आणि ती वाचून आणखी चार जण शेताच्या बांधावर मांडूळ शोधू लागतात.

म्हणून माझे म्हणणे असे की वन्यजीवांच्या व्यापाराचे मूळ जंगलात नाही, ते या थापेत आहे. थाप मोडली तर मागणी मोडेल, मागणी मोडली तर व्यापार मोडेल. या म्हणण्यावर जे आक्षेप येतात ते नवे नाहीत. पण ते निमूटपणे मान्य होत आले आहेत, म्हणून त्यांचा एकदा हिशेब करू.

पहिला आक्षेप सुशिक्षितांच्या बैठकीत हमखास निघतो : हे सगळे पाड्यांवरच्या गरिबीमुळे होते, धडगाव-अक्कलकुव्याला रोजगार द्या, शिकार थांबेल. रोजगार द्यायलाच हवा. त्यासाठी शिकारीची सबब कशाला? पण गरिबी माणसाला काहीतरी विकायला लावते; नेमके काय विकायचे हे गिऱ्हाईक ठरवते. खवल्यांसाठी मारले जाणारे खवले मांजर घ्या. त्याचे खवले केराटिनचे असतात, आपली नखे ज्याची असतात त्याच द्रव्याचे. सातपुड्यातल्या कुठल्या घरची चूल त्यावर पेटते? त्याला भाव आला तो बाहेरून. पकडला जातो मात्र पोते वाहणारा. पारध्यांसारख्या जमातींवर १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. स्वतंत्र भारताने तो १९५२ मध्ये कागदावरून पुसला, तरी वन्यजीवांचा गुन्हा घडला की पहिले बोट अजून तिकडेच जाते. चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच.

या नंदुरबार जिल्ह्यातून वन्यजीव बाहेर गेले ते कोणाच्या हौसेपायी, याचा एक ठळक पुरावा पक्षिशास्त्राच्या इतिहासात आहे. रानपिंगळा हा छोटा घुबडवर्गीय पक्षी. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने खानदेशातून त्याचे नमुने गोळा केले. १८८४ नंतर पक्षी पुन्हा कोणाला दिसला नाही आणि मेलेल्या नमुन्यांचे मोल वाढले. मग रिचर्ड माइनर्ट्झहागेन या नामांकित इंग्रज संग्राहकाने संग्रहालयातला डेव्हिडसनचाच एक नमुना लंपास केला, त्याची घडण बदलली आणि १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ आपण तो मिळवल्याची चिठ्ठी त्याला लावली. ही लबाडी पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी उघड केली. खोट्या नोंदीवर फुली मारून रासमुसेन जुन्या खऱ्या नोंदींच्या मागाने निघाल्या आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, ११३ वर्षांनी रानपिंगळा जिवंत सापडला.   दुर्मीळ आहे म्हणून हवे, आणि हवे म्हणून चोरायचे, ही वृत्ती पाड्यावरची नव्हे. ती काचेच्या कपाटांची आहे. याच पक्ष्याचे अवयव आणि अंडी स्थानिक प्रथांसाठीही वापरली जातात, अशी नोंद अभ्यासकांनी केली आहे. ती मी लपवत नाही. पण पाड्यावरचा उपयोग पाड्यापुरता असतो. जंगल रिकामे होते ते त्याला बाजार जोडला जातो तेव्हा.

दुसरा आक्षेप : मागणीबिगणी सोडा, कायदा कडक करा. कायदा कडकच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या शिकारीला किमान तीन वर्षे, कमाल सात वर्षे कैद आहे. २०२२ च्या दुरुस्तीने दंडही वाढवला. चोरून विकत घेणारासुद्धा या कायद्याने गुन्हेगारच आहे. अडचण शिक्षेच्या मापात नाही, ती कोणाला होते यात आहे. बनावट ग्राहक पाठवून विक्रेता धरायचा, ही पद्धत विक्रेता पकडते. खरा घेणारा तिला सापडेलच कसा? साप समजून भुई धोपटावी तसे छापे पडतात. उलट उदाहरण पाहा. २०२३ मध्ये कर्नाटकात एका टीव्ही कार्यक्रमातल्या स्पर्धकाला गळ्यातल्या वाघनखाच्या लॉकेटमुळे अटक झाली, तेव्हा तिथल्या किती घरांत कपाटे उघडून पाहिली गेली! त्या एका अटकेने वाघनख ही प्रतिष्ठेची वस्तू राहिली नाही, जोखमीची झाली. घेणाऱ्याला हात लावला की गिऱ्हाइकीचा सूर असा उतरतो.

तिसरा आक्षेप अधिक नाजूक आहे : ही परंपरा आहे, तिला हात लावू नका. इथे आपल्या जिल्ह्यानेच उत्तर देऊन ठेवले आहे. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या राजवाडी होळीला हजारो आदिवासी जमतात. अंगावर राखेचे ठिपके, कमरेला दुधी भोपळे नि घुंगरू, आणि डोक्यावर मोरपिसांचे उंच टोप. मोर कायद्याने संरक्षित आहे, मग हे टोप गुन्हा ठरतात का? नाही. मोर दरवर्षी पावसाळा सरता सरता पिसारा गाळतो आणि त्या गळलेल्या पिसांना कायद्याने देशांतर्गत मोकळीक ठेवली आहे. गळलेले पीस कोणते नि उपटलेले कोणते, हे पाहायचे तर त्याचा देठ पाहावा. आपोआप गळलेल्या पिसाचे टोक सुकलेले, स्वच्छ असते. जिवंत किंवा मारलेल्या मोरापासून ओढून काढलेल्या पिसाच्या मुळाशी रक्ताचा अंश राहतो आणि तो प्रयोगशाळेत ओळखता येतो. बोटभर देठात परंपरा आणि धंदा यांची सीमा अशी आखलेली आहे.

परंपरा बदलतही असते, आणि बदलली म्हणून मरत नाही. खंडोबाच्या जागरणातली दिमडी पूर्वी घोरपडीच्या कातड्याने मढवत. आज ती शेळीच्या कातड्याची किंवा प्लास्टिकच्या पडद्याची मिळते. जागरण थांबले का? देव रुसला का? आणि ‘परंपरे’च्या नावावर जे विकले जाते त्यातले बरेचसे तर परंपराच नाही. ‘हत्ताजोडी’ घ्या. अमरकंटकच्या, नर्मदेच्या उगमाकडच्या रानातली दुर्मीळ मुळी म्हणून ती विकली जाते. शेंदूर लावून चांदीच्या डबीत, तिजोरीत, देव्हाऱ्यात ठेवली जाते. प्रत्यक्षात ती नर घोरपडीची वाळवलेली जननेंद्रिये असतात! संशोधकांनी २०१७ मध्ये हे चव्हाट्यावर आणले, तेव्हा ती ऑनलाइन दुकानांतही मिळत होती. लक्ष्मी यावी म्हणून माणूस देव्हाऱ्यात काय पुजतो आहे ते त्याला सांगितले, तर त्याची श्रद्धा दुखावेल की वाचेल? मी म्हणतो, वाचेल. दिवाळीत घुबडांचेही तसेच. लक्ष्मीचे वाहन म्हणायचे आणि लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येला तेच कापायचे, यात शास्त्र तर नाहीच, साधी सुसंगतीही नाही. ट्रॅफिक इंडिया या संस्थेच्या २०१० च्या अहवालाने भारतातल्या घुबडांच्या या व्यापाराची सविस्तर नोंद केली. त्याला परंपरेचे कवच देणे हा परंपरेचाच अपमान आहे.

चौथा आक्षेप व्यवहारी मंडळींचा : पैदास करा, कायदेशीर विका, चोरटा बाजार आपोआप बसेल. हे ऐकायला शहाणपणाचे वाटते, पण अनुभव उलटा आहे. २००८ मध्ये आफ्रिकेतल्या काही देशांना साठवलेले हस्तिदंत चीन आणि जपानला एकदाच विकण्याची मुभा मिळाली. कायदेशीर माल दुकानात आला की त्याच्या आडून चोरीचाही खपतो; पुढच्या वर्षांत हत्तींची शिकार वाढली. चीनने २०१७ अखेर देशातला हस्तिदंताचा बाजार बंद केला. बंदी येणार हे दिसू लागताच, २०१४ मध्ये किलोमागे सुमारे २१०० डॉलर असलेला कच्च्या हस्तिदंताचा भाव २०१७ च्या सुरुवातीला ७३० डॉलरवर आला. मागणी कमी होत नाही म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. मुळात खवले मांजर बहुधा एका वेळी एकच पिल्लू देते आणि मुंग्या-वाळवीवर जगते. त्याचा गोठा कोण घालणार?

खंडन एवढे पुरे. मग करायचे काय?

‘प्राण्यांवर प्रेम करा’ ही भिंतीवरची घोषणा मागणी कमी करत नाही. जो मांडुळात कोटी रुपये पाहतो त्याचे प्रेमाशी देणेघेणे नाही. त्याला फसवणूक कळते. म्हणून पहिले काम असे की पोलीस, वनखाते आणि वृत्तपत्रे यांनी जप्त वन्यजीवाची किंमत सांगणे आणि छापणे बंद करावे. बेकायदा बाळगलेला वन्यप्राणी सरकारची मालमत्ता ठरतो, त्याला कायदेशीर बाजारच नाही, तर बाजारभाव कुठून आला? छापायचेच असेल तर हे छापा : बिनविषारी साप, औषधी उपयोग शून्य, आरोपींना शिक्षा अमुक वर्षे. यासाठी शासनाचा एक रुपया लागत नाही.

दुसरे, मांडुळाच्या टोळीवर वन्यजीव कायद्यासोबत फसवणुकीचे कलमही लावावे, म्हणजे टोकन देऊन बुडालेल्याला तोंड उघडता येईल आणि साखळी वरपर्यंत उलगडेल. गुप्तधनाच्या नावाने अघोरी कृत्य झाले असेल तर जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून हाताशी आहेच.

तिसरे, बोलणारा माणूस आणि बोलण्याची वेळ नीट निवडावी. घुबडाविषयी डिसेंबरात व्याख्यान देऊन काय उपयोग? ते नवरात्र ते दिवाळी या काळात, व्यापारपेठेत, पूजासाहित्याच्या दुकानात व्हायला हवे. वाघनखाविषयी सराफ बोलला तर गिऱ्हाईक ऐकेल, पाड्यावर भगत आणि ग्रामसभा बोलली तर गाव ऐकेल. नाशिक-मुंबईहून येऊन उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याचे कोणी ऐकत नाही.

हे होऊ शकते याचा दाखला कोकणात आहे. वेळासला सागरी कासवांची अंडी गाव विकत असे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने २००२ पासून गावाला सोबत घेतले, आणि आज तिथे लोक पिल्ले समुद्रात जाताना पाहायला येतात. याच संस्थेच्या पुढाकाराने २०२० मध्ये डुगवे गावाने खवले मांजराचा उत्सव केला. तोरणमाळच्या परिसरात रानपिंगळ्यासाठी असे का होऊ नये? गळलेली मोरपिसे वनखात्याने ग्रामसभांमार्फत गोळा करून काठीच्या होळीला का पुरवू नयेत? त्यामुळे मोर वाचेल, टोपही राहील आणि खात्याची पाड्यावर ओळख फक्त पंचनाम्यापुरती राहणार नाही.

जंगलात पहारा हवा, शिक्षा हवी, रोजगार हवा. यातले काहीही मी वजा करत नाही. पण पहारेकरी झाडागणिक उभा करता येत नाही, आणि खोटी किंमत एका दिवसात शंभर गावांत पोहोचते. तिला पोहोचवणारे आपणच आहोत : बातमी लिहिणारे, ती पुढे ढकलणारे, ‘खरंच कोटीला जातं का हो?’ असे डोळे मोठे करून विचारणारे. पुढच्या वेळी कोणी मांडुळाचा भाव सांगू लागला, तर त्याला एवढेच विचारावे : घेणाऱ्याचे नाव सांग. तो सांगू शकणार नाही. आणि ज्या मालाला घेणाराच नाही, त्याचा भाव शून्य धरावा, हे कोणत्याही बाजारपेठेत चालणारे गणित आहे.