परगावी जेवावे कुठे?

'आधी पोटोबा, मग विठोबा' ही म्हण ज्याने रचली, तो माणूस नक्कीच प्रवासी असला पाहिजे. घरी असलेल्या माणसाला पोटोबाची आठवण वेगळी करून द्यावी लागत नाही; ते काम आई वेळच्या वेळी करते. परगावी एस.टी.तून उतरलेल्या माणसाच्या मनात मात्र पहिला प्रश्न येतो तो 'देऊळ कुठे आहे?' हा नव्हे, तर 'जेवायचे कुठे?' हा. प्रवासवर्णने लिहिणारे लेखक या प्रश्नाला शेवटच्या पानावर जागा देतात. मला वाटते, तो पहिल्याच पानावर यायला हवा. एखाद्या गावाने परक्या माणसाला कसे वागवले, हे तिथली देवळे आणि वस्तुसंग्रहालये पाहून कळत नाही. तिथल्या साध्या उपाहारगृहातल्या बाकावर दहा मिनिटे बसले की कळते.

हा विषय सुचण्याचे कारण जरा लांबचे आहे. वसतिगृहात माझ्या खोलीत राहणाऱ्या मैत्रिणीचा भाऊ नोकरीनिमित्त स्वीडनला गेला. पहिल्या आठवड्यात त्याचा फोन आला, त्यात हवापाण्याबद्दल दोन वाक्ये होती आणि उरलेला सगळा वेळ जेवणाचा विषय होता. मोठ्या हॉटेलातले दर पाहून त्याचा घास घशातच अडकला म्हणे! शेवटी त्याला कुणीतरी कोपऱ्यावरचे पिझ्झाचे दुकान दाखवले. दुकानदार मूळचा तुर्कस्तानचा. पिझ्झाबरोबर कोबीची आंबटसर कोशिंबीर तिथे न मागता मिळते. पिझ्झ्याच्या एका प्रकारावर तर केळ्याच्या चकत्या आणि करी पावडर घालतात. हे ऐकून आम्ही दोघी पोट धरून हसलो. पण तो म्हणाला, "हसू नका. या गावात मला पहिल्यांदा 'बस' म्हणून सांगणारा माणूस तोच."

त्या एका वाक्याने आमचे हसू थांबले. पुढे वाचनालयात बसून थोडी माहिती काढली. पिझ्झा हा मुळात इटलीतल्या नेपल्स शहरातल्या गरिबांचा घास. स्वीडनमध्ये तो आला १९४७ च्या सुमारास, वेस्टेरोस गावच्या कारखान्यात कामाला आलेल्या इटालियन कामगारांबरोबर. म्हणजे आपल्याकडे तिरंगा फडकला, त्याच काळात तिकडे परक्या मजुरांच्या खानावळीत पिझ्झा भाजला जात होता. पुढे तुर्कस्तान, मध्यपूर्व, बाल्कन अशा ठिकाणांहून माणसे आली, त्यांनी ही दुकाने चालवायला घेतली, आणि आज लहानातल्या लहान गावातही एखादे पिझ्झाचे दुकान असते. दुपारी नोकरदारांसाठी ठरावीक दरात 'आजचे जेवण' मिळते. त्यात कोशिंबीर, पाव आणि बहुधा कॉफीही येते. आपल्या राईस प्लेटचेच ते भावंड! एवढ्या श्रीमंत, थंड देशातही प्रवाशाला आधार वाटतो तो अशाच साध्या जागेचा, आणि ती बहुधा चालवतो तोही कधीतरी परका म्हणून आलेला माणूस. याला मी योगायोग मानत नाही. ज्याने भूक आणि परकेपण दोन्ही सोसले, त्यालाच दुसऱ्याला 'बस' म्हणायचे सुचते.

आता आपल्या नाशिककडे वळू. उद्या स्वीडनचा कुणी पाहुणा नाशिकला आला आणि 'जेवू कुठे?' म्हणाला, तर आपण काय सांगू? सांगण्यासारखे पुष्कळ आहे. मोड आलेल्या कडधान्याची, काळ्या मसाल्याच्या रश्शाची, सोबत पापड आणि दह्याची वाटी घेऊन येणारी आपली मिसळ आहे. मेन रोडवर सायंताराचा साबुदाणा वडा आहे, बुधा हलवायाची जिलेबी आहे, परतीच्या पिशवीत घालायला कोंडाजीचा चिवडा आहे. हे सगळे खायला ना कोट लागतो, ना काटा-चमचा. पानावर वाढलेला घास आणि टेबलापलीकडे बसलेला अनोळखी माणूस, एवढ्यावर काम भागते. पाहुण्याला मी तरी असेच ठिकाण सांगेन. जिथे गाव स्वतः खाते, तिथेच पाहुण्याने खावे. पाहुण्यांसाठी म्हणून मुद्दाम मांडलेल्या ठिकाणी गाव भेटत नाही, फक्त बिल भेटते.

पण मित्रमैत्रिणींनो, इथेच एक खडा लागतो. गाव जिथे खाते, तिथे गावातले सगळे बसू शकतात का?

माझाच अनुभव सांगते. मी पेठ तालुक्यातली. वसतिगृहाची मेस रविवारी संध्याकाळी बंद असते. प्रथम वर्षाला असताना अशाच एका रविवारी मी एकटीच एका उपाहारगृहात गेले. हातात पैसे होते, पोटात भूक होती. गल्ल्यावरच्या गृहस्थांनी मला वर-खाली पाहिले आणि विचारले, "सोबत कोण आहे?" कोणी नाही म्हटल्यावर त्यांनी आतल्या कोंदट 'फॅमिली रूम'कडे बोट दाखवले. बाहेरच्या बाकांवर चार जागा रिकाम्या होत्या. मी पार्सल घेतले आणि खोलीवर येऊन गार झालेला घास गिळला. त्या गृहस्थांचा हेतू वाईट नसेल. गावाकडे माझी आजीही हेच म्हणते, की बाईमाणसाने हॉटेलात बसून खाऊ नये. पण आजी नाशिकला शिकायला आली नव्हती, मी आले आहे. शिकायला पाठवायचे आणि जेवायला बसू द्यायचे नाही, हा कुठला न्याय?

माझे दुःख तसे लहान आहे. परगावी जेवण्याचे खरे दुःख काय असते, ते १९०१ साली साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेल्या एका नऊ-दहा वर्षांच्या मुलाला कळले. भाऊ आणि भाचे बरोबर होते. मसूर स्टेशनवर उतरल्यावर जात कळली आणि बैलगाडी मिळेना. दुप्पट भाडे देऊन मिळाली तीही मुलांनी स्वतः हाकायची या अटीवर. घरून आणलेला भरपूर डबा जवळ होता. पण वाटेत कुणी प्यायला पाणी देईना, आणि पाण्यावाचून घास उतरेना. अन्न जवळ असून ती मुले रात्रभर उपाशी राहिली. तो मुलगा म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ही आठवण त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. आपल्यापैकी प्रत्येकाने ती वाचावी, आणि वाचताना आपल्या सहलीच्या डब्याची आठवण ठेवावी.

त्याच बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी आपल्या पंचवटीत काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांसारखे आपल्या जिल्ह्यातले कार्यकर्ते त्यात अग्रभागी होते. वर्षानुवर्षे लढा चालला, तरी दार उघडले नाही. आपण तो लढा देवळाचा म्हणून लक्षात ठेवतो. पण पुढे राज्यघटना झाली, तेव्हा तिच्या पंधराव्या कलमात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि पाणवठे यांची नावे स्पष्ट लिहिली गेली: धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून तिथे कुणालाही अडवता येणार नाही. त्यात 'लिंग' हा शब्द आहे, याकडे मी गल्ल्यावरच्या गृहस्थांचे नम्रपणे लक्ष वेधू इच्छिते! चहाच्या कपाला आणि मिसळीच्या बशीला राज्यघटनेत जागा मिळाली, ती उगीच नव्हे. ज्यांना ती नाकारली गेली होती, त्यांनी ती मिळवून दिली.

आज कपाळावरची जात कुणी उघड विचारत नाही. निदान शहरात तरी नाही. पण खिशाची जात विचारली जाते. मिसळ आता शहराबाहेरच्या मळ्यांत गेली आहे. झाडे, झोपाळे, मोटारी लावायला ऐसपैस जागा. रविवारी सहकुटुंब जायला ते छानच आहे, माझी तक्रार नाही. फक्त तिथे मोटारीने जाता येते, एस.टी.ने नाही. आणि गावातली लहान दुकाने जागेच्या भाड्यापुढे टिकेनाशी झाली, तर त्र्यंबकला निघालेल्या वारकऱ्याने आणि मेस बंद असलेल्या विद्यार्थ्याने जायचे कुठे?

सरकारने यावर उपाय केले नाहीत असे नाही. १९९५ साली एक रुपयात झुणका-भाकर निघाली. पुढे झुणका गेला, भाकर गेली, टपऱ्या तेवढ्या राहिल्या आणि त्यांतून भलतेच काही विकले जाऊ लागले. २६ जानेवारी २०२० रोजी दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली: दोन चपात्या, भाजी, वरण, भात. टाळेबंदीच्या दिवसांत तिने कितीतरी पोटांना आधार दिला. योजना वाईट नसतात. त्यांचे आयुष्य मात्र सरकारी अनुदानाएवढेच असते. आपल्याच जिल्ह्यात मनमाडच्या गुपतसर गुरुद्वाऱ्याचा लंगर पाहावा. तिथे 'सोबत कोण आहे?' असे विचारत नाहीत. पंगतीत बसा, जेवा, उठा. दोन्हींत फरक एवढाच, की लंगर हे तिथल्या माणसांना स्वतःचे काम वाटते.

आणखी एक गोष्ट मनात येते. आमच्या पेठ-सुरगाण्याच्या डोंगरात नागली पिकते. तिची भाकरी, उडदाचे भुजे आणि मिरचीचा ठेचा यांवर आम्ही वाढलो. नाशिकच्या बाजारपेठेत पिझ्झा मिळतो, चायनीज मिळते, इडली-डोसा तर केव्हाचा मिळतो. ते सगळे मिळावे, मला आवडतेही. पण बसस्थानकाजवळ नागलीची भाकरी शोधायला निघाले, तर पाय दुखतात. परक्याचा पदार्थ आपलासा करणारे शहर आपल्याच तालुक्यातल्या माणसाला पाहुणा का करते?

२०२६-२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकला पुन्हा सिंहस्थ कुंभमेळा आहे. घाट, रस्ते, पूल यांची चर्चा रोज कानांवर येते. ती व्हायलाच हवी. पण लाखो माणसे येणार, ती काही नुसती गोदावरीचे पाणी पिऊन राहणार नाहीत. म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे: बसस्थानके, नाशिकरोड स्टेशन आणि पंचवटी या ठिकाणी लहान, स्वच्छ, माफक दराच्या खानावळींसाठी भाडे परवडेल अशा जागा राखून ठेवाव्यात. त्या चालवायला डोंगरातल्या महिला बचत गटांना द्याव्यात, म्हणजे नागलीही शहरात येईल. दर बाहेर पाटीवर लिहावेत, पिण्याचे पाणी मोफत असावे, हात धुवायला नळ असावा. आणि 'फॅमिली रूम'ची पाटी उतरवून तिथे 'कोणीही कुठेही बसावे' अशी पाटी लावावी. यातले शेवटचे काम तर फुकटात होण्यासारखे आहे.

आपण विद्यार्थी यात काय करणार, असे कुणी विचारील. आपण निदान बसू शकतो. मागच्या महिन्यात एका रविवारी आम्ही सहा जणी त्याच उपाहारगृहात गेलो आणि बाहेरच्याच बाकावर बसलो. गल्ल्यावर तेच गृहस्थ होते. त्यांनी आमच्याकडे पाहिले, क्षणभर थांबले आणि आत हाक दिली, "सहा मिसळ!" थोड्या वेळाने एक खेडवळ म्हातारी दारात घुटमळताना दिसली. हातात पिशवी, पायांत धूळ, बहुधा त्र्यंबकहून परतत असावी. आम्ही जरा सरकून बसलो आणि म्हणालो, "या आजी, बसा."

ती बसली. रस्सा तिखट आहे म्हणाली, आणि दुसऱ्यांदा मागून घेतला.