विश्लेषण : नीरज चोप्राने आता कमी स्पर्धा खेळाव्यात का?

टोक्योच्या ज्या राष्ट्रीय स्टेडियमवर ७ ऑगस्ट २०२१ रोजी नीरज चोप्राने भारताला अ‍ॅथलेटिक्समधील पहिले ऑलिम्पिक सुवर्ण मिळवून दिले, त्याच मैदानावर गुरुवारी जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत तो आठवा आला. ८४.०३ मीटर ही त्याची सर्वोत्तम फेक. पाचव्या प्रयत्नानंतर त्याला बाहेर पडावे लागले. पाठीचे दुखणे स्पर्धेच्या आधीपासूनच होते, हे त्याने नंतर सांगितले. पण तोवर समाजमाध्यमांवर त्याची कारकीर्द उतरणीला लागल्याचा निकाल देऊन झाला होता. क्रिकेटपटू दोन डावांत अपयशी ठरला की त्याला निवृत्तीचा सल्ला देणारे आपणच. भालाफेकीची भाषा मात्र आपण अजून शिकतो आहोत.

नेमके काय संपले?

जून २०२१मध्ये फिनलंडमधील कुओर्ताने येथे नीरज तिसरा आला होता. त्यानंतर टोक्यो ऑलिम्पिकपासून गेल्या महिन्यातील झुरिचच्या डायमंड लीग अंतिम स्पर्धेपर्यंत सलग २६ स्पर्धांत तो दुसऱ्या स्थानाच्या खाली कधीच घसरला नाही. गुरुवारी संपली ती ही मालिका.

तिचे मोल कळायचे तर योहानस फेटर आठवावा. जर्मनीच्या या भालाफेकपटूने २०२०मध्ये ९७.७६ मीटर अंतर गाठले होते. टोक्यो ऑलिम्पिकला तो आला तेव्हा त्या मोसमात ९० मीटरचा टप्पा त्याने पुन:पुन्हा ओलांडला होता आणि सुवर्ण त्याचेच असे गृहीत धरले जात होते. अंतिम फेरीत मात्र तो ८२.५२ मीटरवर अडकून नववा आला. पाय किंचित घसरला, भाला क्षणभर उशिरा सुटला, त्याचे टोक जरा वर राहिले, एवढेही या खेळात पुरते. गुरुवारी ऑलिम्पिक विजेता अर्शद नदीम दहावा आला आणि यंदा ९१.५१ मीटर फेकलेला युलियन वेबर पाचवा. अशा खेळात चार वर्षे पहिल्या दोघांत राहणे हे एखाद्या विक्रमी फेकीपेक्षा मोठे काम आहे.

मग ९० मीटरचे एवढे काय?

खरे तर फारसे काही नाही. जून २०२२मध्ये स्टॉकहोमला नीरजचा भाला ८९.९४ मीटरवर पडला आणि तेव्हापासून ते सहा सेंटिमीटर त्याच्या मानगुटीवर बसले. जवळपास प्रत्येक वार्ताहर परिषदेत तोच प्रश्न. अखेर १६ मे २०२५ रोजी दोहा येथे त्याने ९०.२३ मीटरची फेक केली. देशभर जल्लोष झाला. त्या दिवशी तो दुसरा आला होता, याची आठवण किती जणांना आहे? वेबरने ९१.०६ मीटर फेकून स्पर्धा जिंकली होती.

बुडापेस्टमध्ये २०२३चे जगज्जेतेपद नीरजला ८८.१७ मीटरवर मिळाले. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये त्याहून सव्वा मीटरपेक्षा लांब, ८९.४५ मीटर फेकूनही रौप्यच हाती आले, कारण नदीमने ९२.९७ मीटरचा ऑलिम्पिक विक्रम केला. गुरुवारचे सुवर्ण ८८.१६ मीटरला गेले. नव्वदीचा आकडा बातमीच्या मथळ्यासाठी सोयीचा, एवढेच.

भाला शरीराकडून काय वसूल करतो?

भाला अवघा ८०० ग्रॅमचा. पण तो हातातून ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने सुटावा लागतो आणि हा वेग केवळ दंडातून येत नाही. खेळाडू धावत येतो, डावा पाय जमिनीत रोवतो आणि धावणारे सगळे शरीर एका क्षणात अडते. तो वेग कंबर, पाठ, खांदा, कोपर असा वर चढत भाल्यात उतरतो. या साखळीतली प्रत्येक कडी आपली किंमत मागते.

नीरजने ती देऊन झाली आहे. मे २०१९मध्ये मुंबईत त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली आणि त्या वर्षीची जागतिक स्पर्धा हुकली. २०२२मध्ये जांघेच्या स्नायूंच्या दुखापतीने बर्मिंगहॅमची राष्ट्रकुल स्पर्धा गेली. ते दुखणे नंतरही पाठ सोडेना. पॅरिसमध्ये त्याचा एकच प्रयत्न वैध ठरला, आणि फेकताना दुखापतीची धास्ती मनात असते हे त्याने स्वत:च सांगितले. महिनाभरात ब्रसेल्सला तो डाव्या हाताचे हाड मोडलेले असताना उतरला आणि एका सेंटिमीटरने दुसरा आला. आता पाठ.

त्याच्या दोन प्रशिक्षकांकडे पाहा

योगायोग असा, की जुन्या आणि नव्या भाल्याचे विश्वविक्रमवीर, दोघेही नीरजचे प्रशिक्षक. पूर्व जर्मनीच्या उवे होनने १९८४मध्ये १०४.८० मीटर अंतर गाठले. प्रेक्षकांच्या सुरक्षेचाच प्रश्न उभा राहिला. १९८६मध्ये भाल्याचा गुरुत्वमध्य पुढे सरकवला गेला आणि विक्रम नव्याने मोजले जाऊ लागले. होनला बहिष्कारामुळे ऑलिम्पिक मिळालेच नाही आणि दुखापतींनी त्याची कारकीर्द ऐन पंचविशीच्या आसपास संपवली.

दुसरे चेक प्रजासत्ताकाचे यान झेलेझ्नी, नीरजचे २०२५मधील प्रशिक्षक. १९९६चा त्यांचा ९८.४८ मीटरचा विक्रम आजही अबाधित आहे. १९९२, १९९६, २००० अशी सलग तीन ऑलिम्पिक सुवर्णे त्यांनी जिंकली. मधल्या काळात खांदा दुखावला, त्यातून सावरले आणि २००१मध्ये ३५व्या वर्षी पुन्हा जगज्जेते झाले.

झेलेझ्नी अपवाद आहेत, असे कुणी म्हणेल. मग गुरुवारचा विजेता केशोर्न वॉलकॉट घ्या. त्रिनिदादच्या या खेळाडूने २०१२मध्ये लंडनला १९व्या वर्षी ऑलिम्पिक सुवर्ण जिंकले. टोक्यो ऑलिम्पिकमध्ये तर त्याला अंतिम फेरीही गाठता आली नव्हती. त्याच मैदानावर, ३२व्या वर्षी, तो आता जगज्जेता आहे. नीरज तेव्हा २७ वर्षांचा होता.

पुढच्या वर्षी काय करावे?

२०२६मध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धा नाही. ती २०२७ला बीजिंगमध्ये, त्यानंतर २०२८चे लॉस एंजेलिस ऑलिम्पिक. मध्ये आहेत ग्लासगोची राष्ट्रकुल आणि जपानमधील आइची-नागोया येथील आशियाई स्पर्धा. पदकतालिकेसाठी दोन्हीकडे नीरज हवाच, असा आग्रह होणार हे सांगायला ज्योतिषी नको. पण राष्ट्रकुलचे एक आणि आशियाईची दोन सुवर्णे त्याच्याकडे आधीच आहेत. पाठ पूर्ण बरी होईपर्यंत त्याने यातली एक स्पर्धा सरळ सोडावी आणि महासंघाने ती त्याच्या गळ्यात मारू नये.

जागा भरणारे नाहीत, असेही नाही. टोक्योत भारताचे चार भालाफेकपटू उतरले होते. त्यांतल्या सचिन यादवने पहिल्याच प्रयत्नात ८६.२७ मीटर फेकून चौथा क्रमांक मिळवला. कांस्यपदक त्याच्यापासून ४० सेंटिमीटर दूर होते आणि वेबर, नीरज, नदीम हे तिघेही त्याच्या मागे होते.