केमोथेरपी जिल्ह्यात मिळेल, पण निदान पक्के आहे का?

सर्व जिल्हा रुग्णालयांत तीन वर्षांत डे-केअर कॅन्सर केंद्रे सुरू करण्याची घोषणा 2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली. कळवण, सुरगाण्याच्या कुटुंबांना केमोथेरपीच्या प्रत्येक फेरीसाठी मुंबई गाठावी लागली नाही, तर मोठा दिलासा मिळेल. मात्र कोणती औषधे द्यायची हे निदानावर ठरते. किशोरवयातील काही दुर्मीळ कॅन्सरमध्ये जनुकीय चाचणीशिवाय निदान पक्के होत नाही.

युइंग सार्कोमा हा हाडाचा कॅन्सर बहुतेकदा 10 ते 20 वर्षे वयात आढळतो. दुखणे, सूज आणि कधी ताप यामुळे तो मुका मार किंवा हाडातील जंतुसंसर्ग वाटू शकतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या लहान गोल पेशी लिम्फोमासारख्या दिसतात, पण दोन्हींचे उपचार वेगळे आहेत. युइंगमध्ये बहुतेक वेळा 11 व्या आणि 22 व्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन दोन जनुके जोडली जातात. 'फिश' किंवा 'पीसीआर' चाचणीत ही जोडणी सापडते.

जनुकीय म्हणजे आनुवंशिक नव्हे

हा बदल गाठीतल्या पेशींमध्येच घडतो, तो आई-वडिलांकडून येत नाही. त्यामुळे 'घराण्यात दोष आहे' असे मानून बहिणीचे लग्न अडवणे चुकीचे आहे. मात्र घरात अनेकांना कमी वयात कॅन्सर झाला असेल, तर समुपदेशनानंतर रक्ताची वेगळी चाचणी करावी लागू शकते. टीपी53 जनुकातील जन्मजात दोष तिच्यात कळतो.

पालकांनी काय करावे?

- दुखण्याने मूल रात्री जागे होत असेल किंवा सूज वाढत असेल, तर मालिश करत थांबू नका, एक्स-रे काढा.
- हाडाची गाठ वाटल्यास बायोप्सी शक्यतो पुढील शस्त्रक्रिया होणार असलेल्या केंद्रातच करावी.
- बायोप्सीचा तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये जपतात. रिपोर्टबरोबर ब्लॉक आणि स्लाइड्सही मागून घ्या. हाडाचा तुकडा मऊ करताना तीव्र आम्ल वापरले, तर त्यावर जनुकीय चाचणी होणे अवघड जाते.

टाटा मेमोरियलसारख्या केंद्रात असे ब्लॉक पुन्हा तपासता येतात. म्हणून डे-केअर केंद्रांच्या आराखड्यात खाटा आणि औषधांबरोबरच नमुना पाठवण्याची सोय आणि चाचणीच्या खर्चाची तरतूदही हवी. नाहीतर केमोथेरपी जवळ मिळेल, पण ती योग्य आजारावर दिली जात आहे याची खात्री नसेल.