गव्याला ‘बायसन’ कशासाठी?

डिसेंबर २०२१ मध्ये एक वाट चुकलेला गवा थेट सांगली शहरात, मार्केट यार्डाच्या परिसरात येऊन ठाकला. वन विभागाने त्याला सुखरूप बाहेर काढले, पण त्याच्या नावाची मात्र सुटका झाली नाही. बातम्यांतून, मोबाइलवरील संदेशांतून आणि सुशिक्षितांच्या गप्पांतून तो ‘बायसन’ म्हणूनच मिरवत राहिला. कोयनेच्या खोऱ्यातील किंवा शिराळ्याच्या डोंगरपट्ट्यातील निरक्षर म्हातारीलाही जे नाव ठाऊक आहे, ते शहरातल्या पदवीधराला सुचू नये?

हा ‘बायसन’ आहे तरी कोण? शब्द मूळचा जर्मानिक टोळ्यांचा. तेथून तो लॅटिन आणि ग्रीक ग्रंथांत शिरला. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पॉसेनियस या ग्रीक प्रवाशाने डेल्फीच्या देवस्थानात या पशूचे कांस्यशीर्ष पाहिले. मॅसिडोनियाच्या उत्तरेकडील पिओनियाच्या राजाने ते अर्पण केले होते. उतारावर तेलकट कातडी पसरून हे पशू घसरवून कसे पकडीत, याचे वर्णनही त्याने केले आहे. तो पशू युरोपातला, आयाळ-दाढीवाला, झिपरा. आपला गवा तुळतुळीत काळ्या अंगाचा, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा. शास्त्रीय वर्गीकरणातही तो ‘बॉस गॉरस’ आहे, बायसन नव्हे. म्हणजे हे नाव परके तर आहेच, शिवाय चूकही आहे! इंग्रज शिकाऱ्यांनी दिलेले ते नाव स्वतंत्र भारताच्या सरकारनेही डोक्यावर घेतले आणि १९५८ साली शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात दाजीपूरला ‘बायसन’ अभयारण्य घोषित झाले. पुढे ते राधानगरी अभयारण्य झाले. बोलण्यातला बायसन मात्र गेला नाही.

ग्रीकांकडूनच काही घ्यायचे होते, तर त्यांचा ‘बूस’ हा शब्द होता. बूस म्हणजे गाय-बैल. आपला ‘गो’ आणि तो ‘बूस’ एकाच प्राचीन मुळाचे. शास्त्रीय नावातला ‘बॉस’ त्याच कुळातला आणि ‘गॉरस’ तर आपल्याच ‘गौर’चे लॅटिन रूप. वेदकाळापासून चालत आलेल्या ‘गवय’ शब्दाचा मराठीत ‘गवा’ झाला. न्यायदर्शनात उपमान प्रमाणाचे उदाहरण म्हणून हाच पशू येतो. गवय कधीही न पाहिलेल्या नागरिकाला वनवासी सांगतो की, तो गाईसारखा असतो. नागरिक अरण्यात जातो, पशू पाहतो आणि नाव ओळखतो.

दोष केवळ इंग्रजीचा नाही. ‘गवारेडा’ हा आपलाच प्रचलित शब्दही दिशाभूल करतो. गवा हा रेडा नव्हे, रानम्हैस वेगळी आणि ती गडचिरोलीत आढळते. पण ही घरातली चूक घरात सुधारता येईल. स्वातंत्र्यवीर सावरकरांना ‘महापौर’, ‘दिनांक’ असे शब्द घडवावे लागले, कारण रूढ मराठी शब्द नव्हता. येथे तर घडवायचेही काही नाही. २०१० पासून सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांत सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. सरकारला तेथे वाघासाठी ‘व्याघ्र’ आठवला. त्याच रानातल्या गव्याने काय पाप केले आहे?

न्यायदर्शनातल्या नागरिकाला नाव कळण्यासाठी अरण्यात जावे लागले होते. सांगलीकराच्या तर दारात गवा आला होता.