बूड टेकू दे की

मंगळवारी कपिलतीर्थ मंडईत मेथी बघत उभी होते. नेहमीच्या अक्कांनी पेंडी पिशवीत टाकता टाकता विचारलं, "काय ओ काकू, नात बसती का न्हाई अजून?" म्हटलं, "साडेसहा महिन्यांची झाली. हात टेकून बसते थोडा वेळ. मग कलंडते." अक्का हसल्या, "बसंल की दमानं." पण शेजारी उभ्या असलेल्या, आजवर कधी न पाहिलेल्या एका बाईंनी लगेच हळहळून सांगितलं, "अगंबाई, साडेसहा महिने झाले न्हवं? आमचा तर पाचव्यातच बसलावता."

हे वाक्य या आठवड्यात मी चौथ्यांदा ऐकलं. जिन्यात ऐकलं, एका बारशात ऐकलं, रंकाळ्यावर सकाळच्या फेरीत ऐकलं. घरी आले तर लेक उशांच्या ढिगात बाळाला बसवत होती. एक उशी मागं, दोन बाजूला, एक मांडीवर. बाळ पाच मिनिटांत घसरून उशांच्या फटीत गेलं, की ही पुन्हा उचलून बसवायची. चेहरा रडवेला. तिलाही फोनवर कुणीतरी पाचव्या महिन्याचा हिशेब सांगितला होता. मला राग आला तो याचा. पहिलटकरणीला आधीच झोप नसते, कंबर धरलेली असते, दुधाची काळजी असते. तिच्यापुढं आपल्या पोराचे महिने मोजून दाखवायचं काय कारण? विचारायचंच असेल तर तू जेवलीस का, ते विचारा.

आकडे एकदाच सांगते. जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ मध्ये पाच देशांतल्या ८१६ बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात आपल्या दिल्लीची बाळंही होती. मान ताठ, हात न टेकता १० सेकंद बसलं, की बाळ बसलं असं त्यात धरलं होतं. निरोगी बाळांत हे कुणाला ३.८ महिन्यांत साधलं, तर कुणाला ९.२ महिने लागले. त्याच्या कितीतरी आधी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी १ ते ३० महिन्यांच्या आपल्याकडच्या बाळांची मोजमापं बसवली. त्यावरून तयार झालेली चाचणी डॉक्टर अजून वापरतात. नऊ महिने पुरे होऊनही बाळ आधाराशिवाय बसत नसेल, अंग फार ढिलं किंवा फार ताठ वाटत असेल, एकच हात पुढं येत असेल, तर मात्र वाट बघू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, त्यांना दाखवा. आणि बाळ दिवसांआधी जन्मलं असेल तर महिने जन्मतारखेपासून नाही, डॉक्टरांनी दिलेल्या तारखेपासून मोजायचे.

बुधवारी एक नातेवाईक मोठ्या प्रेमानं बाळाची प्लास्टिकची खुर्ची घेऊन आले. खोलगट, दोन्ही मांड्या दोन भोकांत घट्ट अडकवायची अशी. बाळ तिच्यात बसलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो झाले. मी समोरच होते. नातीच्या पाठीची कमान झाली होती, हनुवटी छातीला टेकलेली. हातातली लाकडी रवी खाली पडली, गडगडत वीतभर लांब गेली. तिनं रवीकडं पाहिलं, हात लांब केला, पण कंबर हलेना. मग ती नुसती बघत राहिली. रडलीही नाही. मला ते बघवेना, मी तिला काढून खाली पालथी टाकली. पोटावर सरकत, कण्हत, दोन मिनिटांनी तिनं रवी गाठली आणि थेट तोंडात घातली.

बसणं शिकायची जागा ही अशी, पोटावर. आधी मान धरते, मग खांदे, मग पाठ, सगळ्यांत शेवटी कंबर. ताकद वरून खाली उतरत जाते. झोपवताना उताणंच, पण जागेपणी, आपण समोर असताना, दिवसातून चार-सहा वेळा पालथं टाकायचं. बसवायचं तर आपण पाय फाकून बसायचं आणि बाळाला मध्ये घ्यायचं. बगलेत धरलं की सगळं काम आपले हात करतात. म्हणून हात हळूहळू खाली आणायचा, छातीवरून कमरेवर, कमरेवरून कुल्ल्यांवर. आणि मागं काहीतरी मऊ हवंच. पुढं तोल गेला की हात टेकायचं बाळाला सहाव्या महिन्याच्या आसपास समजतं, बाजूला टेकायचं सातव्या-आठव्यात, पण मागं हात टेकायला नववा-दहावा उजाडतो. तोवर ते मागं पडतं ते ओंडक्यासारखं.

खाली टाकायचं ठरलं, पण कशावर? गादीवर टाकलं तर गादी रुतते आणि नातीचं बूड टेकतच नाही. फरशी इतकी गुळगुळीत, की पाय रेटला तरी सटकतो. फेसाचे तुकडे जोडून केलेली रंगीत चटई आणली, तर ती सरकायचं सोडून चटईचे कोपरे चावत बसली. शेवटी माळ्यावरची ट्रंक काढली आणि आईनं दिलेली वाकळ अंथरली.

ही वाकळ लेकीच्या वेळची. तेव्हा शिवाजी पेठेत गल्लीत एक मावशी यायच्या, हाळी द्यायच्या, घराघरातून जुनी लुगडी गोळा करायच्या. आईनं तिची दोन इरकली लुगडी काढून दिली, आतल्या थरांना वडिलांची धोतरं. मावशींनी गच्चीवर सगळं पसरलं, चारी कोपऱ्यांवर वरवंटा, पाटा, तांब्या, जे मिळेल ते वजन ठेवलं आणि कडेकडेनं टाके घालायला सुरुवात केली. एक फेरा संपला की बोटभर आत दुसरा, असं करत करत मधे यायचं. कापड पायाच्या अंगठ्यानं ताणून धरायच्या. चार दिवस लागले. मी नववा महिना लागलेली, भिंतीला टेकून बघत बसायचे. मावशींची पाठ इतका वेळ बिनटेक्याची ताठ कशी राहते याचंच मला नवल वाटायचं. पन्नाशी ओलांडलेल्या असतील. मांडी मोडायच्या नाहीत, मधे फक्त चहापुरत्या थांबायच्या.

धुऊन धुऊन आता ती वाकळ सायीसारखी झाली आहे, पण टाक्यांच्या ओळी बोटांना अजून लागतात. बाळाला नेमकं तेच हवं होतं. पायाची बोटं त्या ओळींत अडकवून ती पुढं रेटा देते. बसली की दोन्ही तळवे समोर टेकते, बोटं पसरून, तिपाईसारखी. लाळेची तार थेट इरकलीच्या लाल काठावर. मग एक तळवा उचलते, डुलते, पुन्हा टेकते. मी खाली तिच्यासमोर मांडी घालून बसले की जास्त वेळ टिकते, कारण वर मान करायला लागत नाही. गेल्या किती वर्षांत आपण घरात असे खाली बसलोच नाही, हे त्या दिवशी उठताना गुडघ्यांनी सांगितलं. आता दुपारचा चहा आम्ही दोघी वाकळेवरच घेतो. लेकीच्या चेहऱ्यावरचा ताण जरा सैल झालाय. उशा कपाटात गेल्या. ती खुर्ची कुठं ठेवली, आठवावं लागेल.

आज सकाळी दोन्ही हात वर होते, रवी हवेत, आणि मी मनातल्या मनात सहापर्यंत मोजलं. मग ती सावकाश डावीकडं कलली, लेकीच्या मांडीवर.

दिवाळी झाली की लेक पुण्याला परत जाईल. तिला तिकडं अशी वाकळ हवी आहे, आणि ही द्यायला माझा जीव होत नाही. सासूबाईंची तीन लुगडी ट्रंकेत आहेत, आतल्या थरांना जुन्या साड्या आहेत. मावशी गेल्या, त्यांच्या सुनेनं सुई कधी हातात घेतली नाही. पेठांमधून चार ठिकाणी विचारून झालं. मशीनवर शिवून देतो म्हणतात, पण मशीनच्या टाक्याला ती ओळ येत नाही. तुमच्या गल्लीत, गावाकडं कुणी हातानं वाकळ शिवणाऱ्या असतील तर सदराच्या पत्त्यावर दोन ओळी टाका. मी स्वतः लुगडी घेऊन येईन.